मैदानाचा कागद कुठे आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात मैदानांवरून जुंपलेली पत्रापत्री मी इथे एडिनबऱ्यात, सकाळच्या चहाबरोबर ई-पेपरवर वाचते आहे. एका ज्येष्ठ वाचकांनी विचारलं होतं, मैदानात प्रदर्शनाचा मांडव पडला की आम्ही फिरायचं कुठे? त्यावर दुसऱ्यांनी ठणकावलं, मैदान खेळाडूंचं, फिरणाऱ्यांनी बागेत जावं. तिसऱ्यांनी तर थेट दाखलाच दिला: परदेशात बघा गोल्फची मैदानं कशी राखतात, आत कुणाला पाऊल टाकू देत नाहीत. या तिसऱ्या पत्राने मला लिहायला बसवलं. ते छापून आलं त्याच्या आदल्या रविवारी मी जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या गोल्फच्या मैदानाच्या मधोमध चादर पसरून थालीपीठ खात बसले होते. कुणीही हटकलं नाही.

सविस्तर सांगते. माझा नवरा सेंट अँड्र्यूजचा. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे गाव म्हणजे गोल्फची पंढरी. दरवर्षी मे महिन्यात त्याच्या शाळासोबत्यांची तिथे दोन दिवसांची स्पर्धा असते. जिथे जिथे पोटापाण्याला गेले तिथून चाळीसेक पुरुष येतात, शनिवार-रविवार खेळतात आणि मुलामा उडालेल्या एका पेल्यासाठी जिवाचं रान करतात. नवरा जातो म्हणून मीही जाते. गोल्फमध्ये मला गती नाही. पण सासर आहे, सासूबाई आहेत. इथे सासूला नावाने हाक मारतात. मला ते वीस वर्षांत जमलं नाही. मी 'आई' म्हणते आणि त्या ओ देतात.

शुक्रवारी दुपारी वेव्हर्लीहून गाडी. माझी एक पाठपिशवी आणि याची ती गोल्फची पिशवी, लग्नाच्या मुलीला सांभाळावं तशी सांभाळत न्यायची. गाडी फोर्थच्या खाडीवरून, १८९०च्या त्या लाल लोखंडी पुलावरून जाते तेव्हा मी नेमाने खिडकीत नाणं शोधते. आपल्याकडे गोदावरीवरून गाडी जाताना आजी नाणं टाकायची, ती सवय. इथल्या खिडक्या उघडत नाहीत. तासाभराने लूखर्स येतं (ख घशातून काढायचा, मराठी माणसाला सोपं आहे) आणि तिथून पुढे बस. गोल्फच्या पंढरीला रेल्वे नाही. होती, ती १९६९ साली बंद झाली. बसमध्ये चढताना ती पिशवी माझ्या गुडघ्यावर आदळली, ते निळं अजून गेलेलं नाही.

सुरुवातीची काही वर्षं मी या दोन दिवसांत घरी पुस्तक घेऊन बसायची. नवरा सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा, आणि मे महिन्यात तिथे दिवेलागण व्हायला रात्रीचे साडेनऊ वाजतात. अशा बायकांना इथे गमतीने 'गोल्फ-विधवा' म्हणतात. एका भल्या बाईंनी मला पहिल्यांदा हा शब्द हसत हसत ऐकवला, तेव्हा मी मनातल्या मनात तीनदा 'अगं बाई' म्हणून कपाळाच्या टिकलीला हात लावला. त्याच्या पुढच्या वर्षापासून ठरवलं, घरी बसायचं नाही. याच्या गोल्फच्या पिशवीची हातगाडी ओढायची.

तर या शनिवारी सकाळी न्यू कोर्स नावाच्या मैदानावर. 'न्यू' म्हणजे १८९५ सालचं. पुण्याचं न्यू इंग्लिश स्कूल जितकं न्यू, तितकंच हे. शेजारी ओल्ड कोर्स आहे, तिथे सहाशे वर्षांपासून खेळतात, म्हणून हे बिचारं अजून नवीनच. समुद्रावरून वारा असा की बोललेलं वाक्य मागच्या माणसाला ऐकू जावं. नवऱ्याचा तिसराच फटका वळला आणि चेंडू गॉर्सच्या जाळीत गेला. गॉर्स म्हणजे पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप, आपल्या बाभळीची बुटकी बहीण. हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळत, २०१९ पासून तीनच. नवरा आणि त्याचे दोन मित्र वाकून काठ्यांनी झुडूप उचकत होते आणि मी नाक वर करून उभी होते, कारण त्या फुलांना खवलेल्या ओल्या नारळाचा वास येतो. हुबेहूब. मे महिना, अंगात दोन स्वेटर, समोर करडा समुद्र आणि नाकात मोदकाचं सारण. चेंडू सापडला नाही. वास घेत उभं राहिल्याबद्दल मला बोलणी बसली.

दुपारी सासूबाई मला हिमालयात घेऊन गेल्या. खोटं वाटेल, पण तिथल्या एका मैदानाचं नाव 'द हिमालयाज' असं आहे. ओल्ड कोर्सला लागूनच, हिरवळीचा एक लहान तुकडा, सगळा उंचवट्या-खळग्यांचा. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीला पोरं झाली असती तर अशी दिसली असती. १८६७ साली गावातल्या बायकांनी इथे आपला क्लब काढला. तेव्हा बाईमाणसाने काठी खांद्याच्या वर उचलून फटका मारणं असभ्य समजत, म्हणून त्यांच्या वाट्याला फक्त चेंडू हलकेच ढकलत भोकात घालण्याचा खेळ आला. क्लब अजून आहे, आणि त्यांची वेळ नसेल तेव्हा कुणीही दोन-चार पौंड देऊन खेळू शकतं. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. त्यांच्या काठीच्या मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे, तीही आता सुटत आली आहे. चेंडूच्या मागे उभ्या राहून त्या चढाकडे बघतात, दूध उतू जातंय का बघावं तशा, आणि मग मनगटाने एक टिचकी. चेंडू चढावर जातो, माथ्यावर जरा थबकतो, पलीकडे उतरून वळसा घेतो आणि भोकाच्या काठाशी जाऊन थांबतो. माझाही चेंडू चढावर गेला, माथ्यावर थबकला आणि आला तस्सा माघारी येऊन माझ्या बुटाला टेकला. सलग तीनदा. अठरा भोकांना त्यांना एकेचाळीस फटके लागले. माझा आकडा विचारू नका.

संध्याकाळी नवरा आणि मी कॅथीड्रलच्या पडक्या भिंतींकडे चालत गेलो. तिथल्या दफनभूमीत टॉम मॉरिस बापलेक आहेत. थोरला टॉम मैदानाचा राखणदार, आणि धाकट्याने ओपन ही गोल्फमधली मानाची स्पर्धा लागोपाठ चार वेळा जिंकलेली. सप्टेंबर १८७५ मध्ये हे दोघे खाडीपलीकडे नॉर्थ बेरिकला सामना खेळत होते. तार आली की धाकट्याची बायको बाळंतपणात अडली आहे. गलबत करून खाडी ओलांडून आले तोवर बायको आणि बाळ दोन्ही गेली होती. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी तोही गेला, चोवीस वर्षांचा. नवरा ही गोष्ट दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी त्याच ओळीवर त्याचा आवाज बसतो. खेळताना मोबाइल बंद ठेवण्याची त्याची सवय मी तेव्हापासून मोडली आहे.

आता रविवार, म्हणजे मुद्दा. रविवारी सकाळी त्यांची दुसरी फेरी ज्युबिली कोर्सवर होती, तीत फारसं सांगण्यासारखं नाही. नवरा तेहेतिसावा आला. पण ज्या ओल्ड कोर्सवर खेळण्यासाठी जगभरातून लोक येतात, चिठ्ठी टाकून नाव लागण्याची वाट बघतात आणि भर हंगामात एका फेरीला तीनशे पौंडांवर मोजतात, ते मैदान रविवारी गोल्फला बंद असतं. मोठ्या स्पर्धांचे मोजके रविवार सोडले तर बंद म्हणजे बंद. आणि गोल्फला बंद म्हणजे गावाला उघडं. सकाळपासून लोक कुत्री घेऊन येतात, बाबागाड्या येतात, म्हातारी माणसं काठी टेकत येतात. भोकांभोवतालची बारीक कापलेली हिरवळ आणि वाळूचे खड्डे एवढे सोडायचे, बाकी कुठेही फिरा, बसा, खा. स्विल्कन ओढ्यावरच्या त्या इवल्या दगडी पुलावर, जिथे मोठे मोठे खेळाडू निवृत्तीच्या वेळी हात हलवत उभे राहतात, तिथे त्या दिवशी एक तीन वर्षांची मुलगी बसकण मारून बिस्कीट खात होती आणि फोटोसाठी थांबलेल्या चार परदेशी पाहुण्यांना तिच्यापुढे काही चालेना.

रविवारच्या सुट्टीचं मूळ धर्मात आहे, देवाचा वार म्हणून. पण थोरल्या टॉमचं म्हणून एक उत्तर सांगतात: तुम्हाला विश्रांती नको असेल, मैदानाला हवी आहे.

इतर दिवशीही पहिल्या आणि अठराव्या भोकाच्या पट्ट्यातून एक सार्वजनिक रस्ता जातो, ग्रॅनी क्लार्कची गल्ली. समुद्राकडे जाणारी माणसं तिथून जातात आणि खेळणारे काठी खाली ठेवून थांबतात. एकोणिसाव्या शतकातल्या तिथल्या नियमांत तर चेंडू वाळत घातलेल्या धुण्यावर पडला तर काय करायचं याचंही कलम होतं: कपडे चेंडूखालून ओढून घ्यावेत, धुण्याचा टब जवळ असेल तर बाजूला करावा. म्हणजे बायका तिथे धुणं धूत होत्या, वाळत घालत होत्या, आणि नियम करणाऱ्या साहेबांना त्यांना हाकलता येत नव्हतं. गोदाघाटावर वाळत घातलेली लुगडी बघत वाढलेल्या बाईला हे कलम वाचून काय वाटलं असेल, ते नाशिककरांना वेगळं सांगायला नको.

हे सगळं लोकांच्या चांगुलपणावर चाललेलं नाही. त्याला कागद आहे. समुद्र आणि शेतं यांच्यामधली ही वाळूची गवताळ पड, इथे तिला 'लिंक्स' म्हणतात, आपण गायरान म्हटलं असतं. १५५२ साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना तिथे ससे पाळायचे होते. गावाने परवानगी दिली, पण सनदेत लिहून घेतलं की गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी यांसाठी या जमिनीवर येण्याचा गावकऱ्यांचा हक्क आहे तसा राहील. पुढे १७९७ मध्ये नगरपरिषद कर्जात बुडाली आणि तिने ही जमीन सशांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सोपवली. (नगरपरिषदेला पैशाची नड आली की तिची नजर आधी मैदानाकडे जाते, हे जगात सगळीकडे सारखंच असावं.) सशांनी मैदानाची चाळण केली. खेळणारे आणि ससेवाले यांच्यात वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या, मारामाऱ्या झाल्या. १८२१ मध्ये शेजारच्या जमीनदाराने, जेम्स चीप यांनी, जमीन विकत घेतली तेव्हा कुठे ससे हटले. आता १९७४च्या कायद्याने नेमलेला एक ट्रस्ट तिथली सगळी सार्वजनिक मैदानं चालवतो आणि गावातल्या माणसाला स्वस्तात वर्षाचं तिकीट मिळतं.

पहिल्या टीच्या, म्हणजे पहिला फटका जिथून मारतात त्या जागेच्या, मागे ती दगडी भव्य इमारत आहे ना, टीव्हीवर दिसते ती, ती रॉयल अँड एन्शंट क्लबची. १७५४ सालचा क्लब. त्यांच्या वसंतातल्या स्पर्धेत अजूनही एक 'बॉम्बे' पदक दिलं जातं, मुंबईत गोल्फ खेळणाऱ्या साहेबांनी पाठवलेलं. बायकांना सभासद करून घ्यायला त्यांना २०१४ साल उजाडलं. मी सासूबाईंना विचारलं, तुम्हाला राग नाही यायचा? त्या थालीपीठाचा तुकडा मोडत म्हणाल्या, "इमारत त्यांची. गवत आमचं."

चादरीवर नवऱ्याचे मित्रही होते. दरवर्षीप्रमाणे कुणीतरी विचारलं की तुझ्या गावात गोल्फ आहे का, आणि दरवर्षीप्रमाणे नवऱ्याने आपली नाशिकची कथा सुरू केली. लग्नानंतर पहिल्यांदा तो नाशिकला आला, तेव्हा सीबीएस बसस्थानकावरून रिक्षात बसताना मी म्हणाले, "गोल्फ क्लबला घ्या." याचे डोळे लकाकले. त्र्यंबक रोडला उतरून बघतो तर एकीकडे क्रिकेटची नेट लागलेली, दुसरीकडे सायकल शिकणारी पोरं, कडेने स्वेटर-कानटोपी घालून चालणारे आजोबा आणि कोपऱ्यात हास्यक्लब हात वर करून हसतोय. घरी आल्यावर याने माझ्या आईला विचारलं, पहिला टी कुठे आहे? आईने लगबगीने चहा टाकला. मग मी त्याला समजावलं की साहेब गेला, गोल्फ गेलं, नाव राहिलं. आणि पाटीवरचं खरं नाव वेगळंच आहे: हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात ज्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या आणि पुढच्या एप्रिलमध्ये जो ठाण्याला फासावर गेला, त्याच्या नावाने. साहेबांच्या खेळाचं मैदान, साहेबाला मारणाऱ्याचं नाव, आणि आम्ही रिक्षावाल्याला अजून सांगतो 'गोल्फ क्लब'. मित्र हसले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत.

कारण मी त्यांना आदल्याच दिवशी दुसऱ्या एका मैदानाची गोष्ट सांगितली होती. माझी आई आता जिथे राहते त्या कॉलनीत एक मैदान आहे, नाव घेत नाही, अशी गावोगाव आहेत. गेल्या डिसेंबरात मी नाशिकला होते. पहाटे सहाला आईला घेऊन फिरायला गेले तर फाटकाला कुलूप. आत कसलासा सेल लागलेला. चार दिवसांनी मांडव उठला, आम्ही गेलो, आणि तिसऱ्या फेरीत माझ्या चपलेतून खिळा वर आला. मांडवाच्या कापडाला ठोकतात तसला, बोटभर लांब, गंजलेला. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. आईने त्या दिवसापासून फिरणं सोडलं. ती आता गच्चीवर पाण्याच्या टाकीभोवती चकरा मारते, मोजून चाळीस.

सासूबाईंनी हे सगळं ऐकून एकच विचारलं. "तुमच्या मैदानाचा कागद कुठे आहे?"

मला कळेना काय सांगावं. मैदान आराखड्यात खेळासाठी राखीव आहे एवढं मला माहीत होतं. पण ते कुणी, किती दिवस, कशासाठी भाड्याने द्यायचं, आणि फिरणाऱ्या माणसाला कोणत्या वेळी तिथे हक्काने जाता येईल, हे लिहिलेलं कुठे बघायला मिळतं? मी फोनवर आईला विचारलं. तिने वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "आजी, वरून फोन येतो, आपण कुलूप लावतो."

म्हणून त्या तिन्ही पत्रलेखकांना, आणि त्यांच्या आडून मैदानं ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांना, माझं म्हणणं असं. खेळाडू विरुद्ध फिरणारे हे भांडण खोटं आहे. सेंट अँड्र्यूजला दोघंही आहेत, कारण कोणाचा वार कोणता हे ठरलेलं आहे. प्रदर्शनं, सभा, लग्नं होऊच नयेत असंही मी म्हणत नाही. देखभालीला पैसा लागतो, तो कुठून तरी यायचाच. पण आठवड्यातला एक वार आणि रोजची पहाट साडेपाच ते आठ ही वेळ कोणत्याही भाडेकरूला देता येणार नाही, असा ठराव करा. तो ठराव आणि त्या महिन्यात मैदान कुणाला, कोणत्या तारखांना दिलं आहे याची यादी फाटकावर लावा, वॉचमनच्या खुर्चीच्या मागे, म्हातारीला चष्मा लावून वाचता येईल एवढ्या अक्षरांत. आणि मांडववाल्याची अनामत रक्कम, मैदान अनवाणी चालून तपासल्याशिवाय परत देऊ नका. कुणाच्या पायांनी तपासायचं ते मी सुचवत नाही.

मी यंदाही डिसेंबरात येते आहे. आमच्या कॉलनीच्या फाटकावर तसा कागद दिसला तर फोटो काढून सासूबाईंना पाठवीन. त्यांनी तो मागितला आहे.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
मूळची नाशिकची, सध्या मुक्काम एडिनबरा